कळसूबाई, विहिरीपासून परत: एका फसलेल्या प्लॅनिंगचं पोस्टमॉर्टेम

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या सोसायटीतले १४ जण कळसूबाईला गेलो आणि माथ्याखालच्या विहिरीपर्यंत पोचून परत आलो. कोणी पडलं नाही, कोणाला लागलं नाही, संध्याकाळी सगळे घरी होते, त्यामुळे बाहेरच्याला यात लिहिण्यासारखं काय आहे असं वाटेल. पण सोसायटीत या विषयावरून अजून वाद चालू आहे, आणि त्या वादात बहुतेक सगळे विहिरीपाशी काय ठरलं त्यावर भांडतात. माझं म्हणणं असं की तिथे ठरवायला फारसं काही उरलंच नव्हतं, गडबड आदल्या रात्री आणि खरं तर आठवडाभर आधी झालेली होती आणि ती बरीचशी माझी होती. म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

आधी डोंगराबद्दल थोडं. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, अकोले तालुक्यात. नेहमीची वाट बारी गावातून, घोटीवरून भंडारदऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं. एका बाजूचं अंतर सहा-साडेसहा किलोमीटर आणि चढ साडेआठशे मीटरच्या आसपास. वाट चुकायचा प्रश्न नाही, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शिड्या म्हणजे घरातल्या माळ्यावर चढायची उभी शिडी डोळ्यासमोर आणू नका, दोन्ही बाजूला कठडे असलेला अरुंद आणि चांगलाच तिरका लोखंडी जिना असतो तो. पूर्वी लोक इथे साखळ्या धरून चढायचे. शेवटच्या शिडीच्या आधी एक सपाटी आहे, तिथे विहीर आहे आणि टपऱ्या आहेत, आणि वर माथ्यावर देवीचं छोटंसं मंदिर. कळसू नावाची कोळ्याची पोर, एका घरी कामाला होती, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही असं आधीच सांगून राहिली होती, एक दिवस ते काम सांगितल्यावर सरळ डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही, अशी गोष्ट आहे. (आमच्या हिने ही गोष्ट गाडीत दोनदा सांगितली, रोख कोणाकडे होता ते कळलं.)

तर सोपा डोंगर म्हणून याची ख्याती आहे, आणि पायांच्या हिशेबाने ती बरोबरच आहे. पण माथ्यावर झाड नाही, आडोसा नाही, आजूबाजूला याच्यापेक्षा उंच काही नाही, आणि उतरायची नेहमीची वाट ती पण लोखंडाच्या जिन्यांवरून. ऑक्टोबरात याचा अर्थ काय होतो ते आमच्या ग्रुपमध्ये कोणाच्या डोक्यात नव्हतं. सगळ्यांचं एकच, पाऊस गेला. आता मान्सून परत गेला हे खरं होतं, मुंबईसाठी हवामान खात्याची परतीची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे आणि त्या वर्षी तो गेला पण होता. पण मान्सून गेला म्हणजे पाऊस गेला असं नाही ना. विजांचे दिवस आपल्याकडे दोनदा येतात, एकदा वळवाच्या वेळेला आणि एकदा परतीच्या वेळेला. जुलैत कळसूबाईवर धुकं असतं, वारा असतो, दगड निसरडे असतात, पण विजा त्या मानाने कमी. ऑक्टोबरात सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं असतं, मग ऊन जमीन तापवतं, जमिनीत ओल भरपूर असते, आणि दुपारी दोन-तीनच्या पुढे ढग उभे वाढायला लागतात. म्हणजे ज्या सकाळी ट्रेक सगळ्यात सेफ दिसतो त्याच दिवशी दुपारी तो सगळ्यात वाईट होऊ शकतो. हे एवढं मला माहीत होतं, म्हणून लीडर मला केलं होतं.

सोसायटीचा ओरिजिनल प्लॅन असा की शनिवारी पहाटे चारला डोंबिवलीतून निघायचं, साडेसातला बारी, नाश्ता करून आठला चढायला सुरुवात, बाराला वर, वरती डबे उघडायचे, चारला खाली. मी हा प्लॅन उलटा केला, म्हणजे खालून वर नाही तर दुपारपासून मागे मोजत आलो. दुपारी एकच्या सुमाराला सगळे सर्वात खालच्या शिडीच्याही खाली पाहिजेत. वरून तिथपर्यंत उतरायला दीड तास आणि गर्दीचा अर्धा तास, म्हणून अकराला माथा सोडायचा. अकराला सोडायचा तर साडेदहाला पोचायला पाहिजे. चढायला किती वेळ लागेल त्याचा एक जुना हिशेब आहे, नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला, पाच किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याने आमचं उत्तर पावणेतीन तास येतं. पण नाइस्मिथसाहेब सोसायटीतल्या लोकांना घेऊन कधी गेले नसावेत. आमच्यात सगळ्यात लहान ११ वर्षांची आणि सगळ्यात मोठे काका ६३ वर्षांचे, त्यामुळे मी साडेचार तास धरले. म्हणजे सहाला निघायचं. म्हणजे शुक्रवारी रात्री बारीत झोपायचं, सात वाजता डोंबिवली सोडायची, अकरापर्यंत आडवं व्हायचं. विहिरीपाशी १०:४५ नंतर पोचलो तर वर जायचं नाही, तिथूनच मागे. हे ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दाखवले.

कागदावर हा प्लॅन मला आजही बरोबर वाटतो. पण त्यातली एकच गोष्ट ओढून काढली तर सगळं खाली येतं, ती म्हणजे सात वाजता डोंबिवली सोडायची.

शुक्रवारी दोघांना ऑफिसातून सुटायला उशीर झाला. हे काही आश्चर्य नाही, शुक्रवार संध्याकाळ म्हणजे उशीर होणारच, पण मी त्याला जागाच ठेवली नव्हती. गाडी साडेनऊला निघाली. पुढे भिवंडी बायपासला जे व्हायचं ते झालं, मग घाटाच्या आधी चहा, मग घोटीत रस्ता चुकला, बारीत पोचलो तेव्हा दोन वाजले होते. ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्या मावशी बिचाऱ्या भाकऱ्या झाकून ठेवून जाग्या बसल्या होत्या. झोपलो पावणेतीनला. पाचचा गजर सहा वाजेपर्यंत बंद करत करत, चहा, पोहे, मग बाथरूमसाठी १४ जणांची लाइन, आणि प्रत्यक्ष पाऊल टाकलं ७:२० ला. म्हणजे पहिल्या पावलालाच १ तास २० मिनिटं लेट, आणि राखीव वेळ होता फक्त पाऊण तास. (साडेचार तास धरताना थांबे त्यातच धरले होते, पण विहिरीच्या १०:४५ मध्ये पाऊण तास जादा होता.) ही वजाबाकी मी तिथेच अंगणात उभा राहून करायला पाहिजे होती, तिसरीतला पोरगा करेल अशी आहे, सहाच्या ऐवजी ७:२० म्हणजे विहीर ११:२० ला, म्हणजे आज माथा नाही. केली नाही. केली नाही म्हणण्यापेक्षा, केली आणि स्वतःलाच सांगितलं की चालताना कव्हर करू. लोक एवढ्या लांब आलेत, मावशींनी डबे भरून दिलेत, सूर्य छान वर आलाय, अशा वेळी आज वर जायचं नाही हे पहिल्या पावलाआधी बोलायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती.

भाताच्या खाचरांमधून वाट निघते, भात कापणीला आलेला, उतारांवर सोनकी सुकत आलेली पण अजून कुठे कुठे पिवळी. पहिला तास मजेत गेला. मग पहिल्या शिडीच्या जरा अलीकडे आमच्यातल्या एकाचा बूट बोलायला लागला. म्हणजे पुढून सोल सुटला आणि प्रत्येक पावलाला तोंड उघडून फट् फट् करायला लागला. बूट महागातला होता, आठ वर्षांपूर्वी घेतलेला आणि मोजून तीनदा घातलेला, बाकीचा वेळ माळ्यावर. त्याला वाटत होतं वापरलाच नाही म्हणजे नवा. उलट आहे. या बुटांच्या सोलमध्ये जो फोमसारखा थर असतो तो पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो बसल्या जागी सडतो, घातला नाही तरी. मी बोटाने दाबून बघितलं तर जुन्या बिस्किटासारखा भुगा पडला हातात. त्याच्याच लेस काढून सोलवरून दोनदा गुंडाळली, वर एका बाईंच्या पिशवीतली सुतळी, आणि दहा मिनिटांनी दुसरा बूट पण गेला. या भानगडीत २५ मिनिटं. मी मागे राहिलो कारण मी लीडर आणि शेवटचा माणूस दोन्ही मीच होतो, ही पण माझीच हुशारी.

शिड्यांवर गर्दी किती असेल याचा अंदाज मी नवरात्रावरून बांधला होता. नवरात्रात इथे मोठी यात्रा असते, ती संपून आठवडा झाला होता म्हणून मोकळं असेल असं धरलं. पण पावसाळा संपला की प्रत्येक शनिवार-रविवार मुंबई-पुणे-नाशकातून बस भरून लोक येतात, ते मोजलेच नाहीत. शिडीवर एकाला वर जायला १५-२० सेकंद, तेवढ्यात वरून कोणी उतरायला लागलं की सगळे थांबले. पहिल्याच शिडीला आमच्यापुढे चाळीसएक माणसं होती. मी घड्याळ लावून बघितलं, १७ मिनिटं.

इथपर्यंत गटाचे दोन तुकडे पडलेले होते. पुढचे पाच जण, सगळे तिशीच्या आतले, १०:३५ ला विहिरीपाशी पोचले. नीट बघा, १०:३५, म्हणजे माझ्या डेडलाइनच्या दहा मिनिटं आधी. ते पाच जण वर जाऊन आरामात उतरू शकले असते. पण मी खाली सांगून ठेवलं होतं की विहिरीपाशी सगळे एकत्र थांबायचं आणि मिळूनच वर जायचं, आणि वर नेटवर्क येत-जात होतं, फोन लागला नाही. शहाणी पोरं, सांगितलेलं ऐकलं. घामाने भिजलेल्या शर्टात त्या सपाटीवर वाऱ्यात ५० मिनिटं बसून राहिली. ऑक्टोबर असून त्यातली एक कुडकुडायला लागली, मग टपरीवाल्या दादांनी तिला चुलीजवळ बसवलं. आम्ही शेवटचे पोचलो ११:२५ ला.

आता विहिरीपाशी काय झालं ते, कारण वाद याच्यावरच आहे.

आभाळ वर निळंच होतं. ईशान्येला पट्टा किल्ल्याच्या बाजूला मात्र एक ढग उभा राहायला लागला होता, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा एकदम रेखीव. साडेनऊला तिकडे काहीच नव्हतं. पंधरा मिनिटं बघत बसलो तेवढ्यात तो डोळ्यांदेखत वाढला, आणि त्याच्या शेजारी दुसरा. गडगडाट नाही, वारा बदललेला नाही. मोबाइलवर दामिनी उघडलं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजांचं ॲप आहे ते, आसपास गेल्या काही मिनिटांत वीज कुठे पडली ते दाखवतं. आमच्या भोवती तेव्हा काहीच दाखवत नव्हतं. हे दाखवून काका म्हणाले, बघ, तुझंच ॲप सांगतंय. पण ते ॲप मुख्यतः पडलेल्या विजांवरून बोलतं. जो ढग अजून वयात येतोय त्याबद्दल ते काय बोलणार.

काका उभे राहिले आणि म्हणाले, "अरे वीस मिनिटं राहिलीत. वीस मिनिटं! मी काय परत येणारे का या वयात?" याला उत्तर नसतं. दोन बायका पण म्हणाल्या की देवीच्या दारात येऊन दर्शन न घेता जायचं हे बरं नाही. मी शेवटच्या शिडीकडे बघितलं, खाली पंचवीस-तीस माणसं उभी होती. मग मी काकांना बाजूला घेऊन हिशेब सांगितला. चढायला गर्दी धरून चाळीस मिनिटं, वरती १४ जणांचं दर्शन आणि फोटो अर्धा तास, तो दहा मिनिटांत होतो असं आजवर कुठल्याच ट्रेकला झालेलं नाही, परत विहिरीला यायला अर्धा तास. म्हणजे १:२० ला आपण इथेच उभे असू आणि पुढे सगळ्या शिड्या उतरायच्या बाकी. त्यात एक जण सुतळीने बांधलेल्या बुटात. काकांचा हिशेब वेगळा होता, वीस मिनिटं जायला, दहा वर, वीस यायला, साडेबाराला विहीर. दोन्ही हिशेबात फरक एकाच गोष्टीचा आहे, रांग. आणि रांगेचं कोणालाच सांगता येत नाही.

ते पाच जण तरी जाऊन येऊ देत असं कोणीतरी सुचवलं. मी नाही म्हणालो. तेव्हा सकाळची शिस्त म्हणून म्हणालो, आज विचार केला तर तो निर्णय मला सगळ्यात कमी पटतो. त्यांना साडेदहाला सोडायला हवं होतं, आणि साडेदहाला सोडता आलं नाही कारण त्यांच्याबरोबर निर्णय घेणारं कोणी मी ठेवलंच नव्हतं. ११:४० ला सोडणं हे मात्र वेगळं, कारण मग खाली उतरताना शिड्यांवर हात द्यायला मागे कोण राहणार होतं?

११:४० ला मागे फिरलो. काका पुढे चालत गेले, तासभर कोणाशी बोलले नाहीत. सगळ्यात खालची शिडी सोडली १:२० ला. बारीत २:५० ला पोचलो, मावशींनी पिठलं-भाकरी आणि ठेचा काढला. ३:०५ ला पहिला गडगडाट ऐकला. चमकल्यावर मोजलं, १८ सेकंद, तीन सेकंदाला एक किलोमीटर या हिशेबाने सहा किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही उघड्यावर नको, असा साधा नियम आहे, आणि शेवटचा आवाज ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं. पत्र्याची टपरी, झाडाखालची जागा, कपार, यातलं काहीच आडोसा म्हणून धरायचं नाही. आणि लोखंडी कठड्याला धरून तर नाहीच, वीज लांब पडली तरी ओल्या कातळातून आणि लोखंडातून करंट येतो. पाऊस पडला पंचवीस मिनिटं, जोरदार. नंतर तासाभराने वरून लोक उतरत आले, चिंब भिजलेले, हसत होते, एकाने व्हिडिओ दाखवला, शिडीवर पाण्याचे लोट आणि लोक दोन्ही हातांनी कठडे धरून रांगेत उभे. कोणालाही काही झालं नाही.

त्यावरून काका म्हणतात, बघ, काही झालं नाही. माझ्या हिशेबाने आम्ही वर गेलो असतो तर ३:०० ला सगळ्यात खालची शिडी सोडली असती, म्हणजे पहिल्या गडगडाटाच्या पाच मिनिटं आधी. त्यांच्या हिशेबाने २:१० ला. म्हणजे मागे फिरलो ते बरोबर होतं हे त्या दुपारने काही सिद्ध केलं नाही आणि चूक होतं हे पण नाही. व्हिडिओतले लोक वाचले म्हणून ती जागा सुरक्षित होत नाही, एवढंच मी म्हणतो, आणि काका म्हणतात मी वकील व्हायला पाहिजे होतं.

परत करायचं झालं तर काय बदलेन? गाडी आठपर्यंत निघाली नाही तर माथा कॅन्सल, हे गाडीत बसायच्या आधी ठरलेलं पाहिजे, आणि त्याऐवजी काय ते पण. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि भंडारदऱ्याचा जलाशय हाताशी होते, दिवस वाया गेला असं कोणाला वाटलं नसतं. आम्ही पर्याय ठेवलाच नाही म्हणून मला सकाळी तोंड उघडता आलं नाही. गट पहिल्यापासून दोन करायचे आणि दोन्हीकडे एक एक जाणता माणूस, ज्याला स्वतःच्या घड्याळावर निर्णय घेता येईल. बूट आठवडाभर आधी घालून सोसायटीचे जिने दहादा चढायचे, सुटायचा तो सोल तिथेच सुटेल. आणि शनिवार नको.

डिसेंबरमध्ये आम्ही परत गेलो. बुधवार होता, सगळ्यांनी सुट्टी टाकली, १४ पैकी नऊच आले. थंडीत विजांची काळजी नसते पण वारा असतो, आणि बारीपेक्षा माथ्यावर पाच-सहा अंश कमी धरायला लागतात, त्यामुळे यावेळी कानटोप्या आणि एक जादा कोरडा शर्ट हे कंपल्सरी. पहाटे पाचला टॉर्च लावून निघालो. काका आले होते, पहिल्या गटात. विहिरीपाशी टपऱ्या बंद, चिटपाखरू नाही, शेवटच्या शिडीवर आमच्याशिवाय कोणी नाही. काकांनी विहिरीवर घड्याळ बघितलं, मी पण बघितलं. वर पोचल्यावर मंदिराच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले समोर उन्हात, खाली भंडारदऱ्याचं पाणी. मग मी काकांना विचारलं किती झाले. सव्वीस मिनिटं. रांग नसताना.

"थंडीने पाय आखडले होते," काका म्हणाले.